बोटीवर काय नेसावे?



व्याख्यानमालेच्या फलकावर माझा विषय लिहिला गेला, तेव्हा दोन-चार मंडळींनी मला रस्त्यात गाठून विचारले, "मास्तर, विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?" त्यांची शंका रास्त होती. आपल्या गावापासून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेसहाशे किलोमीटरांहून दूर. इथे पाण्याची चर्चा होते ती नळ कधी येणार एवढ्यापुरती, आणि बोट म्हटले की आपल्याला हाताचे बोट आठवते. अशा गावात, वैशाखाच्या संध्याकाळी, आगबोटीवरच्या पेहरावाबद्दल बोलायला उभा राहणाऱ्या माणसाला ऊन लागले असावे असे कुणाला वाटले, तर मी त्याला दोष देणार नाही.

पण विषय मी निवडलेला नाही. तो माझ्या दारी चालत आला. गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या गल्लीत एक आजी राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. जन्मभर नऊवारी लुगडे नेसलेल्या. त्यांच्या नातवाने मुंबईहून निघणाऱ्या एका सहलीच्या बोटीची तिकिटे काढली, चार दिवसांची. तिकिटाबरोबर पेहरावाविषयी सूचनांचा एक कागद आला. संध्याकाळच्या जेवणाला अमुक घालावे, एका रात्री औपचारिक पोशाख करावा, पोहण्याच्या तलावावर तमुक. घरातल्या तरुण मंडळींनी तो कागद वाचला आणि आजींसाठी पायघोळ झगा विकत आणला. आजी तो झगा पिशवीत घालून माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, मी बोटीवर जाऊन राह्यली. पोरं म्हणतेत थ्या बोटीवर लुगडं चालत नाई. खरं हाय का?"

मी तीस वर्षे इतिहास शिकवला. पानिपत का हरलो हे मी झोपेतही सांगू शकतो. पण या प्रश्नाला मला पटकन उत्तर देता आले नाही. म्हटले, चार दिवस द्या, शोधून सांगतो. त्या चार दिवसांत जे सापडले, आणि पुढे जे सापडत गेले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी ध्यानात आली की वऱ्हाडचा आणि समुद्राचा संबंध आपण समजतो तितका तुटक नाही. आपल्यापैकी फार थोडी माणसे बोटीत बसली असतील, पण आपला कापूस बसला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि साऱ्या जगाची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला. त्या मार्गावरच्या आपल्या बडनेऱ्याच्या फलाटावरून गाठी मुंबईला आणि मुंबईहून बोटीने विलायतेला जाऊ लागल्या. त्या प्रवाशाचा पेहराव ठरलेला होता. दाबून बसवलेले अंग, वर गोणपाट, आणि कमरेला लोखंडी पट्ट्या. तोच कापूस परत येताना धोतर आणि लुगडे होऊन येई. म्हणजे आपल्या आज्यांच्या अंगावरच्या कितीतरी लुगड्यांनी समुद्र दोनदा ओलांडला होता. आणि नातवंडे सांगतात, लुगडे बोटीवर चालत नाही.

आता समुद्रावर कापड वागते कसे, ते अगोदर पाहू. मी काही दर्यावर्दी नव्हे. माझा सारा अनुभव एका दिवसारात्रीचा. १९७४ च्या डिसेंबरात मी मुंबईहून पणजीला बोटीने गेलो. ही बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटे आणि दुसऱ्या दिवशी पणजीला लागे. ती सेवा बंद होऊन आता बरीच वर्षे झाली. नवी नोकरी, पहिला मोठा प्रवास, तेव्हा मी परीटघडीचा पांढरा पायजमा, खळीचा सदरा, डोक्याला टोपी आणि पायांत कोल्हापुरी चपला अशा थाटात डेकवर उभा राहिलो. मुंबईचे बारे ओलांडले आणि पहिल्या अर्ध्या तासात टोपी अरबी समुद्राला अर्पण झाली. दुपारी डेक ओला झाला आणि चपला घसरू लागल्या, म्हणून त्या हातात घेतल्या. रात्री दव पडले. तुम्ही म्हणाल, दव तर आपल्या शेतातही पडते. पण समुद्रावरच्या दवात मीठ असते. कापूस ते पाणी पितो आणि सोडत नाही. खळ उतरली, सदरा अंगाला चिकटला, आणि पहाटेच्या वाऱ्यात मी असा कुडकुडलो की पणजीचा किनारा दिसला त्याचा आनंद मला घेता आला नाही.

माझ्या शेजारी एक कोकणातली बाई दोन मुले घेऊन बसली होती. तिच्या अंगावर नऊवारी होती. कासोटा घट्ट, पदर कमरेला खोचलेला, कानांवरून एक जाड पंचा बांधलेला, आणि खाली वर कांबळे. जिन्यावरून ती मुलाला कडेवर घेऊन अशी सरसर उतरे की पाहत राहावे. बोटीचे जिने उभे असतात, पायऱ्या अरुंद, आणि सारे हलते असते. पायघोळ वस्त्राने तिथे पाय अडकतो. कासोट्याने अडकत नाही. त्या रात्री डेकवर पेहरावाचे ज्ञान असलेली एकच व्यक्ती होती आणि ती सुशिक्षित नव्हती. तिच्या कांबळ्याकडे मी हेव्याने पाहिले, हे आज कबूल करतो. लोकर ओली झाली तरी ऊब धरून ठेवते, कापूस धरत नाही. कापसाच्या मुलखात उभे राहून कापसाची ही उणीव सांगणे मला जड जाते, पण खरे ते खरे.

ही शरीराची बाजू झाली. पेहरावाला दुसरी बाजू असते, आणि ती कळण्यासाठी आपल्याला १८८३ सालात जावे लागेल. त्या वर्षी ७ एप्रिलला कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' नावाच्या बोटीवर एक अठरा वर्षांची मराठी मुलगी चढली. आनंदीबाई जोशी. डॉक्टर होण्यासाठी ती अमेरिकेला निघाली होती. नवरा बरोबर नाही, नात्याचे कोणी नाही. सोबत होती ती गोऱ्या स्त्रियांची. ४ जूनला ती न्यूयॉर्कला उतरली. जवळजवळ दोन महिने.

ती बोटीवर चढली तेव्हा तिच्या पेहरावावर साऱ्या समाजाची नजर होती. निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारीला, श्रीरामपूरच्या कॉलेजात तिने इंग्रजीतून जाहीर भाषण केले. आपण रस्त्याने चालू लागलो की लोक हसतात, काहीबाही बोलतात, हे तिने त्यात सांगितले. आणि लोकांना आश्वासनही दिले की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. अन्नात, वस्त्रात, रीतीत बदल करणार नाही. अठरा वर्षांच्या मुलीने शेकडो लोकांसमोर आपल्या लुगड्याची हमी द्यावी लागणे, ही केवढी विचित्र गोष्ट आहे! त्या काळी विलायतेला जाणाऱ्या पुरुषांनी सूट शिवले, टोप्या घातल्या. त्यांच्याकडून अशी हमी सभेत कोणी मागितल्याचे माझ्या वाचनात नाही.

पुढे अमेरिकेतल्या थंडीत त्या हमीची कसोटी लागली. नऊवारी हे वस्त्र चालायला, वाकायला, काम करायला उत्तम. पण त्यात पोटऱ्या उघड्या राहतात, कमरेचा काही भाग उघडा राहतो. देशावरच्या हवेत हे सोयीचे, फिलाडेल्फियाच्या बर्फात नव्हे. शिवाय तिकडच्या समाजात स्त्रीचा पाय दिसणे असभ्य मानत. म्हणजे इकडची मर्यादा पाळावी तर तिकडची मोडते, आणि तिकडची पाळावी तर इकडचे लोक म्हणणार, पाहा, बाटली. आनंदीबाईंनी यातून वाट काढली. लुगडे सोडले नाही, नेसणे बदलले. गुजराती स्त्रिया नेसतात तसे, घोट्यापर्यंत पोचणारे आणि पदराने पुढचे अंग झाकणारे. आणि हे का केले, ते नवऱ्याला पत्रातून समजावून लिहिले.

मला या मुलीच्या बुद्धीचे फार कौतुक वाटते. वस्त्र आणि ते नेसण्याची रीत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तिने ओळखले. आपण बहुतेक जण यांची गल्लत करतो. १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात शिकणाऱ्या तीन परदेशी विद्यार्थिनी त्यात आहेत: आपल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या वेषात. ते चित्र तुम्ही पाहिले नसेल तर अवश्य पाहा. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली. परतल्या त्या क्षय घेऊन, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्या पेहरावामुळे गेल्या असे मी म्हणणार नाही. तसे म्हणायला आधार नाही. पण दोन महिन्यांचा समुद्र आणि तीन हिवाळे काढताना त्या मुलीला ऊब आणि अब्रू यांचा हिशेब रोज मांडावा लागला असेल, एवढे मात्र मनात येते.

आनंदीबाईंनंतर पाच वर्षांनी आणखी एक अठरा वर्षांचा मुलगा मुंबईहून बोटीत बसला. ४ सप्टेंबर १८८८, बोटीचे नाव 'क्लाइड'. हा मुलगा म्हणजे मोहनदास गांधी. त्यांनी आत्मकथेत आपली फजिती स्वतःच सांगितली आहे. आखूड कोट त्यांना निर्लज्जपणाचा वाटे, गळ्याची पट्टी आवडत नसे. बोटीवर काळा सूट वापरला आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट खास राखून ठेवला. उतरताना पांढरे शोभेल अशी कल्पना. सप्टेंबर अखेर विलायतेला उतरून पाहतात तो सगळ्या धक्क्यावर पांढऱ्या कपड्यांत हा एकटा! पेट्या किल्ल्यांसकट एजंटाच्या स्वाधीन केलेल्या, दिवस शनिवारचा, मध्ये रविवार. त्यामुळे कपडे बदलण्याचीही सोय नाही. ज्या गृहस्थाचा पेहराव पुढे साऱ्या जगाच्या चर्चेचा विषय झाला, त्याने विलायतेच्या भूमीवर पहिले पाऊल चुकीच्या कपड्यांत टाकले. मला हे वाचून फार धीर आला. माझी टोपी तर फक्त उडाली होती.

१९३१ साली तेच गांधी गोलमेज परिषदेला 'राजपुताना' बोटीने निघाले. आता अंगावर पंचा आणि शाल. या वेळी फजिती झाली ती बरोबरच्या मंडळींची. थंडीचा देश म्हणून त्यांनी पेट्यांवर पेट्या घेतल्या होत्या. गांधीजींनी त्या पाहिल्या, कानउघाडणी केली, आणि एडनहून बऱ्याचशा पेट्या परत पाठवून दिल्या. बोटीवर काय नेसावे याचे निम्मे उत्तर, काय नेऊ नये, यात असते. जुन्या बोटींवर पेट्यांना दोन प्रकारच्या चिठ्ठ्या लावत: प्रवासात लागणारे, आणि प्रवासात न लागणारे. दुसऱ्या चिठ्ठीची पेटी तळघरात जाई. मला वाटते, आपल्या घरातल्या कपाटांनाही अशा चिठ्ठ्या लावून पाहाव्यात. असो.

इथे कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही 'आपला वेष, आपला वेष' म्हणता, पण आपला म्हणजे कोणाचा? ही शंका मोलाची आहे. ज्यांच्यावर विशिष्ट वेष लादला गेला, त्यांनी तो अभिमानाने का मिरवावा? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे भाषण केले. त्यात त्यांनी लुगडे नेसण्याच्या पद्धतीबद्दल स्पष्ट सांगितले: गुडघ्यापर्यंत वर खोचलेले लुगडे आणि हातापायांतले जड दागिने ही तुमची ओळख करून ठेवली आहे, ती टाका, लुगडे घोट्यापर्यंत नेसा. आणि स्त्रियांनी ते लगेच केले. जिने अमेरिकेत पोटऱ्या झाकण्यासाठी नेसणे बदलले ती आनंदीबाई, आणि ज्यांनी महाडला जातीची खूण पुसण्यासाठी नेसणे बदलले त्या बाया, दोघींच्या हातात वस्त्र एकच होते, लुगडे. बाबासाहेब स्वतः १९१३ साली बोटीने न्यूयॉर्कला गेले आणि पुढे जन्मभर सुटाबुटात वावरले. त्या सुटाला कोणी परका म्हणू नये. एकासाठी जे सोडणे आहे ते दुसऱ्यासाठी मिळवणे असते.

आणि परका पेहराव तरी किती परका? साहेबांच्या मोठ्या बोटींवर पहिल्या वर्गात रात्रीच्या जेवणाला काळा कोट सक्तीचा असे. पण तांबडा समुद्र लागला की उकाड्याने साहेबही हैराण होत. मग तिथे एक सवलत निघाली: कोट काढावा, सदऱ्यावर कमरेला रुंद पट्टा बांधावा. त्या पट्ट्याला इंग्रजीत जे नाव आहे ते आपला कमरबंद! रात्री केबिनमध्ये साहेब घालतो तो पायजमा आपल्याकडचा. आणि खलाशी कामावर जो जाड सुती पोशाख घालतो, ज्याला डंगरी म्हणतात, त्याचे नाव पडले मुंबईच्या डोंगरी भागावरून. तिथे तसले जाडेभरडे कापड विकले जाई. तेव्हा आजींना मी म्हटले, बोटीवर लुगडे चालते की नाही हे विचारू नका. अर्धी बोट आपलेच कपडे घालून बसली आहे.

आता आजच्या सहलीच्या बोटींकडे वळतो, कारण इथे बसलेल्यांपैकी काही जण पुढेमागे जाणार आहेत. या बोटी म्हणजे तरंगती हॉटेले. उन्हाळ्यात गेलात तरी आत वातानुकूलित दालनात थंडी वाजते, म्हणून शाल किंवा स्वेटर घ्याच. बाहेर डेकवर वारा असतो, तेव्हा पदर पिनेने पक्का करा आणि मफलर मोकळा सोडू नका. पायांत रबरी तळव्याचे, मागून बंद असे काही हवे. औपचारिक रात्र असेल तर रेशमी किंवा चांगले सुती लुगडे, साडी, धोतर, बंद गळ्याचा कोट हे सारे औपचारिकच आहे, संकोच नको. तलावात उतरायचे असेल तर मात्र सुती साडी नेसून उतरू नका. पाणी प्यायलेले सुती कापड दगडासारखे जड होते आणि पायांत गुंडाळते.

एक पेहराव सर्वांना सारखा, आणि त्यात आवडनिवडीला जागा नाही. तो म्हणजे जीवरक्षक जाकीट. टायटॅनिक १९१२ साली बुडाली, त्यानंतर समुद्रावरच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय नियम होऊ लागले. आता प्रवासी बोटीवर चढल्यावर आपत्तीची तालीम घेतात, कुठे जमायचे ते दाखवतात. आपली मंडळी त्या वेळी चिवड्याचा डबा उघडून बसतात, असे मला नातवाने सांगितले. तसे करू नका. १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्य महिन्याभरावर आले असताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. घरी सणाला निघालेली माणसे होती ती, चांगले कपडे घालून निघालेली. त्या दिवशी कोणाच्या अंगावर काय होते, हे पुढे कोणी विचारले नाही. कोणाच्या हाती तरंगणारे काही लागले, एवढेच विचारले गेले. जाकीट लुगड्यावरून बांधता येते. पदर आधी खोचायचा, मग पट्टे आवळायचे. हे आजींना मी घरी उशी बांधून करून दाखवले.

तर आजी गेल्या. झगा सुनेला वाईट वाटू नये म्हणून पिशवीत घातला होता, तो वाटेत मुंबईच्या भाचीला दिला. चार दिवस लुगडेच नेसल्या. औपचारिक रात्री हिरवे, रुंद काठाचे. जेवणघराच्या दारातल्या मुलाने काही विचारले का, असे मी विचारले, तर म्हणाल्या, "इच्यारलं ना. पाटी मांडू का खुर्ची, म्हणे." हे त्यांनी रचून सांगितले असावे, आमच्या आजींना ती खोड आहे.

एक बदल मात्र झाला. दुसऱ्या दिवशी ओल्या डेकवर त्यांची चप्पल सटकली, पडता पडता वाचल्या. तेव्हा नातवाने आपले जास्तीचे कॅनव्हासचे बूट त्यांच्या पायांत घातले, नाडी बांधून. लुगड्याखाली पांढरे बूट. पहिल्या दिवशी त्या लाजल्या, दुसऱ्या दिवशी विसरल्या, आणि परत आल्यावर बूट नातवाला परत द्यायला तयार नाहीत. बाजारात तेच, देवळात जातानाही तेच, दारात काढून. गल्लीतली पोरे पहिले आठ दिवस हसली. आज त्या इथे आल्या आहेत, डावीकडे दुसऱ्या रांगेत. मी त्यांना शब्द दिला आहे की व्याख्यान संपेपर्यंत कोणी खाली वाकून पाहणार नाही.